सेक्टर सहामधला सराईत

मी गुन्हेगारीशास्त्र शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "म्हणजे तुम्ही पोलिसात आहात का?" मी नाही म्हटलं की दुसरा, "मग कुलूप कोणतं चांगलं?" एका लग्नाच्या पंगतीत लांबच्या मावशीनं मला जिलबी वाढता वाढता हेच विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून दुसरी जिलबी वाढलीच नाही. आता काय सांगू? मला कुलपातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या स्वतःच्या घराचं कुलूप मी दोनदा दगडानं फोडलंय, किल्ली हरवली म्हणून.

खरं तर गुन्हेगारीशास्त्र म्हणजे चोर पकडणं नव्हेच. गुन्हा कशाला म्हणायचं, ते कोण ठरवतं, पकडलं कुणाला जातं आणि सोडलं कुणाला जातं, याचा तो अभ्यास. रायपूरच्या कॉलेजात मी तो शिकवते. शिवाय वर्षातून दोन-तीनदा पोलिसांच्या प्रशिक्षणात तास घ्यायला बोलावतात. जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला येते, म्हणजे अर्धा वर्ग पेंगलेला. त्यांना मी दरवेळी घसा फोडून एकच गोष्ट सांगते. बाबांनो, आधी विचारा, मग ठरवा. माणूस पाहून गुन्हा ठरवू नका. हे सगळं मला तोंडपाठ आहे, स्वयंपाक करतानाही म्हणून दाखवीन. आणि गेल्या मे महिन्यात मीच काय दिवे लावले, ते आता ऐका.

आमचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, शेती करणारं. बाबा तरुणपणी भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, लागले. कंपनीच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर सहात, क्वार्टर मिळालं. माझं अख्खं लहानपण तिथं गेलं. बाबा रिटायर झाले तसं क्वार्टर सोडावं लागलं, मग आम्ही कुम्हारीला दोन खोल्या आणि एक ओटा असं घर बांधलं. भिलाई एका बाजूला, रायपूर दुसऱ्या बाजूला, हायवेवर उभं राहिलं की दोन्हीकडची बस मिळते. आई, बाबा आणि मी, तिघं तिथं राहतो.

टाउनशिपमध्ये घर कुणाचंच नसतं. भिंती कंपनीच्या, नळ कंपनीचा, खिळा ठोकायचा तरी मनात धाकधूक. आपलं म्हणता येईल असं एकच असतं, ते म्हणजे अंगणात लावलेलं झाड. म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. क्वार्टर सोडताना जाणारा माणूस येणाऱ्याला झाडं दाखवतो. हा आंबा मी गावाहून आणलेला, हा शेवगा, हे लिंबू. तुम्ही खा, पण मे महिन्यात लोणच्यापुरते आंबे मी न्यायला येईन. येणारा मान हलवतो, आणि पुढं वर्षानुवर्षं ते पाळलं जातं. हे कुठं लिहिलेलं नाही. पण सेक्टरात मी असे म्हातारे पाहिलेत, की नातवाच्या बारशाची तारीख विसरतील, दुसऱ्याच्या अंगणातल्या आपल्या झाडाचा मोहोर विसरणार नाहीत.

बाबांचा आंबा भंडाऱ्याच्या शेताच्या बांधावरून आलेला. आमच्यानंतर त्या क्वार्टरमध्ये जे कुटुंब आलं, त्यांच्याशी बाबांचा अकरा वर्षं हा करार बिनबोभाट चालला. बाबा दुपारी जायचे, गेट उघडायचे, आंबे तोडायचे, परतायचे. घरातली माणसं कूलर लावून झोपलेली असायची, त्यांना उठवायचीसुद्धा गरज पडत नसे. यंदा झालं असं, की त्या कुटुंबाला सेक्टर दहामध्ये मोठं क्वार्टर मिळालं आणि ते मार्चमध्येच निघून गेले. नवीन बिऱ्हाड आलं. तरुण नवरा-बायको, लहान लेकरू, दूरच्या राज्यातले. त्यांना आंब्याचं सांगायचं राहून गेलं, आणि बाबांना बिऱ्हाड बदलल्याचं सांगायचं राहून गेलं.

नवीन नवऱ्यानं दारावर कॅमेरा लावला होता. त्यानं संध्याकाळी पाहिलं, की भर दुपारी एक माणूस तोंडाला गमछा गुंडाळून आत आला आणि भरलेली पिशवी घेऊन गेला. आंब्याचं झाड घराच्या मागं, ते कॅमेऱ्यात येतच नाही. बिचाऱ्यानं ती क्लिप लाइनीच्या, म्हणजे त्या रांगेतल्या क्वार्टरांच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि साधा प्रश्न विचारला, हे कोण आहेत, कुणी ओळखता का? बस. एवढंच. चांगल्या माणसानं विचारावा असा प्रश्न. पण त्याच आठवड्यात मागच्या ब्लॉकमधून एक सायकल चोरीला गेली होती, आणि ग्रुपवरच्या कुणीतरी ती क्लिप आमच्या इथल्या एका न्यूज पोर्टलच्या मालकाला पाठवली.

या मालकाला मी ओळखते. आधी लग्नांचं शूटिंग करायचा. म्हणून त्याच्या बातमीतसुद्धा माणूस तीनदा वळून बघतो आणि मागं ढोल वाजतो. त्यानं प्रश्नचिन्ह काढून टाकलं आणि सायकल जोडली. "सेक्टर में घूम रहा नकाबपोश, दिनदहाड़े रेकी!" नकाबपोश म्हणे! अहो, मे महिन्यात आमच्याकडे उन्हात निघालेला प्रत्येक माणूस नकाबपोश असतो. कॉलेजच्या पोरी, दूधवाले, खुद्द ट्रॅफिक पोलीस, सगळे डोळे तेवढे उघडे ठेवून फिरतात. पण हा विचार मला आत्ता सुचतोय. तेव्हा सुचला नाही.

त्याचा मला फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. "मॅडम, बस दो मिनट का बाइट. एक्सपर्ट की राय चाहिए." खोटं कशाला बोलू, मला कॅमेरा आवडतो. नावाच्या पट्टीखाली 'अपराध विशेषज्ञ' असं आलं की बरं वाटतं. शेजारणी बघतात, आई नाही म्हणत म्हणत चार जणींना पाठवते. त्यानं फोनवर क्लिप पाठवली, चेहऱ्यावर धुकं केलेली, कडेनं कापलेली. तासाभरात तो कॉलेजच्या दारात कॅमेरा घेऊन हजर झाला. मी ती क्लिप दहा सेकंद पाहिली. दहासुद्धा नसतील. आणि सुरू झाले.

काय काय बोलले मी! म्हटलं, या माणसाच्या चालीत घाई नाही, म्हणजे हा नवखा नाही, सराईत आहे. म्हटलं, बघा, गेट याला सहज उघडत नाही, पण हा थांबत नाही, गुडघ्यानं उचलतो आणि ढकलतो, म्हणजे या गेटची खोड याला ठाऊक आहे. यानं नक्कीच आधी येऊन पाहणी केलेली आहे. म्हटलं, असे लोक वयस्कर दिसतात म्हणून आपण फसतो. शेवटी नागरिकांना सतर्क राहण्याचं आवाहन केलं. केस नीट केले आणि पुन्हा पेपर तपासायला बसले.

रात्री जेवताना मी तो व्हिडिओ मोठ्या तोऱ्यात आईबाबांसमोर धरला. बाबा वरणभात कालवत होते. ढोल वाजला, नकाबपोश तीनदा वळला, मी बोलायला लागले. आई आधी माझ्याकडे बघत होती, साडीचा रंग चांगला दिसतो म्हणाली. मग नकाबपोश पुन्हा आला. आईचा घास हातातच राहिला.

"अवो," ती बाबांना म्हणाली, "हे तं तुमी होय!"

बाबा कालवलेला भात तसाच ठेवून एकेक शीत बोटानं ताटाच्या कडेला लावत बसले.

"काहीतरीच काय, आई," मी म्हटलं. मी क्लिप पुन्हा लावली. ते गेट आमचं होतं. हिरवा रंग दिला होता आणि वर जाळी बसवली होती, पण आमचंच. गुडघ्यानं उचलून ढकलायचं, नाहीतर उघडत नाही. दहावीपर्यंत रोज शाळेत जाताना मी ते तसंच उघडलं होतं. पायातले ते काळे बूट प्लांटचे, रिटायर होऊनही बाबा तेच घालतात. आणि चालताना डावा खांदा खाली. तो माझ्या बापाचा खांदा होता हो! मी माणूस पाहिलाच नव्हता. मला फक्त सराईत दिसला होता.

"तुमी सांगतलं कावून नाही?" आई बाबांवर डाफरली. "पोरगी टीव्हीवर तुमाले चोर म्हणून राहिली न!"

"मले काय मालूम," बाबा म्हणाले, "ते कॅमेरे-बिमेरे. मी तं आंबे आणाले गेलो होतो." आणि उठून हात धुवायला गेले.

लोणच्याची बरणी ओट्यावर ऊन खात होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

दुसऱ्या दिवसापासून बाबा घराबाहेर पडेनात. एरवी पाय घरात ठरत नाही त्यांचा. रोज सकाळी हायवेवरच्या टपरीवर चहा, एक दिवसाआड भिलाई, तिथं रिटायर लोकांची बैठक. आता खाटेवर पडून पंख्याकडे बघायचे. फोन वाजला की आईला म्हणायचे, झोपलो म्हणून सांग. आई मला चहा द्यायची तो कप आदळून. "नाव होतं त्यांचं सेक्टरमधी," ती म्हणाली. "एवढी वर्षं ड्युटी केली, कोण्या सायबानं बोट नाही दाखोलं. तूनं दोन मिनिटात धुऊन टाकलं. आता तूच सरळ कर." मला तेच हवं होतं. बाबांचं नाव जिथं घालवलं तिथंच परत आणायचं, याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

मी पोर्टलच्या मालकाला फोन केला. सांगितलं, व्हिडिओ काढ, खुलासा टाक, तो माणूस चोर नाही. तो म्हणाला, "मॅडम, हमने चोर कहा ही नहीं. हमने तो नकाबपोश कहा. चोर तो आपने कहा." बरोबर होतं मेल्याचं! त्याच्या ढोलावर चोर हा शब्द नव्हता, सराईत आणि सतर्क हे माझे शब्द होते. वर तो म्हणाला, खुलासा लिहून टाकला तर कुणी वाचत नाही, तुम्हीच कॅमेऱ्यासमोर या, आणि तो माणूस कोण आहे तेही सांगा.

इथं मी कच खाल्ली, ते लपवत नाही. पुढच्याच आठवड्यात पोलिसांच्या प्रशिक्षणात माझा तास होता, विषय होता संशयिताचे हक्क. स्वतःच्या बापाला चोर ठरवणारी बाई काय तोंडानं उभी राहणार? कॉलेजात पोरं काय म्हणतील? दोन दिवस मी कायद्याचे रस्ते शोधत बसले. नोटीस पाठवू का, तक्रार अर्ज करू का, मसुदेसुद्धा तयार केले. माझ्याच विषयाची पुस्तकं उघडून वाचली. बातमीनं माणूस कसा आयुष्यातून उठतो, यावर माझी स्वतःची टिपणं सापडली, आणि ती चांगली होती म्हणून जास्तच राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली नाही. आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट. मी पोर्टलवाल्याला फोन लावला आणि म्हटलं, ये.

आमच्या ओट्यावर बसून मी बोलले. म्हटलं, मी ती क्लिप नीट न पाहता बोलले. जे मला माहीत नव्हतं ते ठामपणे सांगितलं. तो माणूस आपल्या हातानं लावलेल्या झाडाचे आंबे न्यायला गेला होता, आणि तो माझा बाप आहे. चूक माझी आहे. बाबा आत खाटेवर होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. संध्याकाळी व्हिडिओ आला. यावेळी ढोल नव्हता, बासरी होती. "बेटी ने पिता को ही बता दिया चोर!" कॉलेजात शिपायानं मला बघून तोंडावर रुमाल धरला. मी म्हटलं, हस बाबा, मोठ्यानं हस. तो खरंच हसला, आणि काय सांगू, मलाही हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

पण बाबा काही उठले नाहीत. व्हिडिओ पाहिला, हं म्हटलं, कूस बदलली. मी त्यांना म्हटलं, "बाबा, उद्या रविवार आहे. चला, सेक्टरात जाऊ. ठाण्यात जाऊन लेखी सांगू, मग लाइनीत घरोघर जाऊ. मी सांगते सगळ्यांना." ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "चाल."

ठाणेदार माझ्या प्रशिक्षणाला बसलेला निघाला. पेंगणाऱ्यांपैकी की जागणाऱ्यांपैकी, ते आठवेना. मी फाईल काढली, अर्ज, बाबांच्या नोकरीचे कागद, झाडाखाली मी फ्रॉक घालून उभी आहे तो फोटोसुद्धा. त्यानं फाईलला हात लावला नाही. म्हणाला, "मॅडम, यह तो उसी शाम खत्म हो गया था. हवालदार गया, बगल के क्वार्टर में पूछा, उन्होंने बताया पुराने क्वार्टरवाले हैं, आम लेने आते हैं. बात खत्म. साइकिल भी मिल गई, किसी का भांजा ले गया था." मग जरा थांबून, मिशीत हसत म्हणाला, "आपने ही तो सिखाया था, पहले पूछो." बाबांना त्यानं खुर्ची दिली आणि चहा मागवला. मी आपली फाईल पिशवीत कोंबत बसले. त्या हवालदारानं माझं एकही व्याख्यान ऐकलेलं नव्हतं. तो फक्त चार पावलं चालून शेजारी गेला होता.

तिथून आम्ही लाइनीत गेलो. बगलचं, म्हणजे शेजारचं, क्वार्टर काकूंचं. काकू वर्धेकडच्या, त्यांच्या मांडीवर मी वाढलेय. त्यांचा मुलगाही प्लांटमध्ये लागला म्हणून त्या अजून सेक्टरातच आहेत. दार उघडलं आणि आम्हाला पाहून त्या अशा हसायला लागल्या, की चौकटीला धरून खालीच बसल्या.

"ये वो, सराईताच्या पोरी, ये!"

मी ठरवून गेले होते तसं बोलायला लागले. काकू, गैरसमज झाला, बाबांचं नाव खराब झालं, मला लाइनीतल्या प्रत्येकाला सांगायचं आहे, की त्या व्हिडिओमधला माणूस कोण होता. काकूंनी मला मध्येच अडवलं.

"अवो, काय सांगतं बाई? आमी तं तवाच ओयखलं. मीच त्या हवालदाराले सांगतलं. त्या नव्या पोट्ट्याले पण सांगतलं, त्यानं बिचाऱ्यानं कान धरले. समोरच्या बुढ्यानं ओयखलं, कोपऱ्यावरच्या मद्राशी बाईनं ओयखलं. असा एक खांदा पाडून या लाइनीत दुसरं कोण चालते? तुयं ते टीव्हीवरचं बोलणं पायलं, त्याच राती फोन केला मी तुया बापाले, हसून हसून पोट दुखून राहिलं होतं माह्यं." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "पण तूनं कसं नाही ओयखलं वो?"

मी बाबांकडे वळले. ते बशीत चहा ओतत होते.

"बाबा, काकूंचा फोन आला होता त्या रात्री?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, सेक्टरात तुम्हाला कुणी चोर म्हणत नाहीये?"

"हो न."

"मग चार दिवस खाटेवर कावून पडून होते?"

त्यांनी चहावर फुंकर मारली. एक घोट घेतला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सेक्टरनं ओयखलं, बाई. एका पोलिसानं ओयखलं. घरच्याच पोरीनं नाही ओयखलं."

माझ्याकडे यावर व्याख्यान नव्हतं, अर्ज नव्हता, खुलासा तर होऊनच गेला होता. एवढी चाळिशी ओलांडलेली बाई मी, काकूंच्या दिवाणावर बसून भोकाड पसरून रडले. नाकाडोळ्यातून पाणी, हुंदके, सगळं. काकू पाणी आणायला धावल्या.

बाबांनी बशी खाली ठेवली. आपला गमछा काढून माझ्या हातात कोंबला आणि दाराबाहेर एक नजर टाकून म्हणाले, "चूप राय वो. कोणी आयकलं तं उद्या ढोल वाजवून सांगतीन, बुढ्यानं पोरीले मारलं."